मदत हवी आहे: ‘९५ टक्के अचूक’ चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे नक्की काय?

मावशीची एका दुर्मीळ आजाराची चाचणी पॉझिटिव्ह आली. चाचणी ९५ टक्के अचूक, म्हणून घरच्यांनी आजारही ९५ टक्के नक्की धरलाय. ती दोन रात्री झोपलेली नाही.

मला हे पटत नाही. समजा, हजारांत एकालाच हा आजार असतो. उरलेल्या ९९९ निरोगी लोकांपैकी ५ टक्के, म्हणजे साधारण ५० जण, आजार नसतानाही पॉझिटिव्ह येणार. मग ५१ पॉझिटिव्हमध्ये खरा रुग्ण एकच, जेमतेम २ टक्के! इथवर बरोबर आहे ना?

पण मावशीला लक्षणंही आहेत. मग ‘हजारांत एक’ हा आकडा तिला लागू होतो का? तीच चाचणी पुन्हा करावी, की वेगळ्या पद्धतीची? डॉक्टरांना नेमकं काय विचारू? जाणकारांनी कृपया सांगा.