टॉवरची मर्यादा कडक आहे, पण मोजतो कोण?

अनघा, दाल बाजार : काल माधवरावांनी इथे लिहिलं, मोबाइल टॉवरच्या किरणांची भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश आहे, टॉवरवरून ओरडणारे अडाणी आहेत. रात्रभर डोक्यात तेच. मर्यादा एकदशांश आहे, १ सप्टेंबर २०१२ पासून. ९०० मेगाहर्ट्झला ४.५ ऐवजी ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर. पण ती पाळतो असं लिहून देणार कंपनीच! दूरसंचार विभाग स्वतः तपासतो फार तर १० टक्के टॉवर. मला माझ्या गच्चीवर मोजून हवं असेल तर 'तरंग संचार' या सरकारी संकेतस्थळावर ४,००० रुपये मीच भरायचे. टॉवरचं भाडं शेजाऱ्याला आणि मोजणीचा खर्च मला? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कर्करोगग्रस्त घरगड्याच्या याचिकेवर टॉवर बंद करायला लावला, तो आपल्याच ग्वाल्हेरचा. तोही अडाणी?

माधव, थाटीपूर : ताई, 'अडाणी' मागे घेतो, बाकी एक अक्षर नाही. न्यायालयाने टॉवर बंद करवला. रोग त्यानेच झाला हे सिद्ध झालं नाही. मी अकरा वर्षं टॉवरच्या देखभालीत होतो. अँटेनाचा झोत समोर जातो, पायाशी फार थोडा. रेंज कमी असली की फोनच जास्त जोर लावतो, तोही कानाला चिकटून. टॉवर हटवाल तर डोक्याशी किरणं वाढतील.

वृंदा, जनकगंज : आणि टॉवरमुळे चिमण्या गेल्या म्हणतात, त्याचं काय?

माधव : आमच्या वाड्यातल्या चिमण्या माळवद पाडून स्लॅब टाकला तेव्हा गेल्या. टॉवर त्यानंतर चार वर्षांनी आला.

सुधीर, शिंदेची छावणी : किरणांचं तुम्ही बघा. आमच्याकडे टॉवरचा जनरेटर आईच्या खिडकीपासून चार हातांवर आहे. वीज गेली की रात्री दोनला धडधड सुरू. पडदा भिजवला की बादलीत काळं पाणी. आईला दमा आहे. हे मोजायला कुठलं यंत्र लागतं?

वृंदा : अगदी! आमचे शेजारी भाडं घेतात, आम्ही धूर. बोलले तर 'तुम्हाला जळतंय' म्हणाले. तीस वर्षांचा घरोबा, यंदा संक्रांतीला तिळगूळ नाही.

माधव : जनरेटरला आवाजबंद पेटी सक्तीची आहे. तक्रार करा.

सुधीर : केली ना! साहेब आले दुपारी बाराला. वीज होती, जनरेटर बंद. 'आवाज नाही' लिहून गेले. रात्री दोनला आईच्या उशाशी येऊन बसा, मग नियम सांगा.

माधव : दादा, माझ्यावर आवाज चढवू नका. तो जनरेटर मी बसवलेला नाही.

अनघा : पण पेटी नसलेले जनरेटर अकरा वर्षांत पाहिले असतीलच की?

माधव : पाहिले. वर कळवलं, काही झालं नाही. आणि ४,००० चं म्हणाल तर ते शुल्क नसावं, हेही मान्य. किरणांनी कर्करोग होतो, हे मात्र मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही.

अनघा : तो आढावा मुख्यतः कानाशी धरलेल्या फोनचा झाला. माझ्या गच्चीचा आकडा त्यात कुठे आहे? मी पैसे भरतेय. मोजणीच्या दिवशी तुम्ही या, यंत्र तुम्हाला कळतं. आणि दुपारी बाराला नको, रात्री आठला, सगळ्या गल्लीचे फोन चालू असताना.

माधव : येतो. तारीख कळवा.