विषय: शनिवारची कायोटीची (कोल्ह्यासारखं इथलं जंगली जनावर) शिकार, बारा वाजताच्या लायसन्सचा घोळ

प्रेषक: सुहास
मंडळी, ३१ ऑगस्टला टेक्सासमधल्या सॅन सबाला निघालेल्या सहाजणांपैकी तिघांकडे लायसन्स नाही, आणि आत्ता काढलं तर ते त्याच रात्री बाराला संपतंय. टेक्सासचं हंटिंग लायसन्स कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतंच. नवं १५ तारखेपासून विकतायत, पण ते लागू १ सप्टेंबरपासून. आपण आठला बसणार, तीनला उठणार. म्हणजे एका रात्रीसाठी दोन काढायची? रँचवाला म्हणतो, कायोटीला लायसन्स लागतच नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, गाड्या ठरवायच्यात.

प्रेषक: मिलिंद
रँचवाल्याचं अर्धंच खरं. कायोटी जनावरांवर हल्ला करतोय, नुकताच केलाय किंवा करण्याच्या बेतात आहे, तेवढ्यापुरती राज्याची सूट आहे. आवाज लावून बोलावणं त्यात बसवू नका. आणि खरी भानगड राज्याची नाहीच. एच-१बी, एच-४, एल-१ अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे. चालू हंटिंग लायसन्स ही त्यातली पळवाट. ते बाराला संपलं की मित्राची रायफल "जरा धर" म्हणून हातात घेतली तरी गुन्हा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. रहिवासी लायसन्स २५ डॉलरचं आहे, त्यात काय वाचवायचं?

प्रेषक: प्रसाद
२५ डॉलरचा प्रश्न नाही, हंटर एज्युकेशनचा आहे. २ सप्टेंबर १९७१ नंतर जन्मलेल्यांना कोर्स लागतो (त्याच तारखेचे असाल तरी). १० डॉलरचं डेफरल (कोर्स पुढे ढकलायची परवानगी) आहे, पण आयुष्यात एकदाच. ते चार तासांसाठी जाळू नका. सतरा वर्षांवरच्यांना कोर्स ऑनलाइन होतो, शुक्रवारपर्यंत उरकेल.

प्रेषक: अनघा
मुळात आठला कशाला बसताय? सूर्यास्त आठच्या आसपास. दिवसभर तापलेले दगड, सीडरची खोडं आणि जनावर, सगळं थर्मलमध्ये (उष्णता दाखवणारी दुर्बीण) सारखंच उजळ. त्यात दमट हवेने लांबचं चित्र आणखी मऊ होतं. जमीन निवायला मध्यरात्र उलटावी लागते. एक ते पाच बसा. सोमवारी पिठोरी अमावास्या, त्यामुळे चांदण्याचाही त्रास नाही. लायसन्सही एकच लागेल, नवं.

पाचच्या पुढे नको. १ तारखेला डव्हच्या (होल्यांच्या) शिकारीचा सीझन उघडतोय, त्या लोकांच्या गाड्या उजाडायच्या आधीच येतील.

प्रेषक: वसंतकाका
ही ईमेल यादी मंडळाच्या कामासाठी आहे. ७ तारखेला गणपती, आरतीच्या पुस्तिका अजून छापून आलेल्या नाहीत. आणि श्रावणात कोल्हे मारायला कसले निघालात?

प्रेषक: प्रसाद
काका, पुस्तिकांचं वेगळ्या धाग्यात लिहितो. पण कोल्हा म्हणू नका. कोल्हा म्हणजे आपला जॅकल, खोकड त्याहून लहान. कायोटी निराळा, फक्त अमेरिका खंडातला.

प्रेषक: मिलिंद
अनघाताई, एकला बसायचं तर रायफल झिरो (नेम जुळवणं) कधी करणार? संध्याकाळीच ना? तेव्हा नवं लायसन्स लागू नाही.

प्रेषक: अनघा
झिरो ग्रीन कार्डवाले करतील, १०० यार्डांवर. बाकीच्यांनी रायफल, गोळ्यांचा डबा, कशालाच बाराच्या आत हात लावायचा नाही. गाडीतही त्यांच्या ताब्यात नको. उन्हाळ्यात हँडवॉर्मर लक्ष्यावर चिकटवून उपयोग नाही, पुठ्ठाच तेवढा तापलेला असतो. बर्फाचा छोटा पॅक लावा, काळा ठिपका स्वच्छ दिसतो.

थर्मल एसीच्या गाडीतून थेट बाहेर काढलं की काचेवर दव धरतं. अर्धा तास आधी पिकअपच्या हौद्यात ठेवा. गाडीच्या काचेतून थर्मलला काही दिसत नाही, तेव्हा आत बसून टेहळणी विसरा.

प्रेषक: प्रसाद
ई-कॉलर (जनावरांचे आवाज काढणारा स्पीकर) ५०-६० यार्डांवर, वारा आडवा घेऊन. कायोटी सरळ येत नाही, वाऱ्याखालून वळसा घालून वास घेतो. एक रायफल त्या बाजूला हवीच. एप्रिल-मेची पिल्लं आता चार महिन्यांची आहेत, म्हणून आधी सशाचा आवाज, दहा मिनिटांनी पिल्लाच्या किंकाळीचा. एका जागी वीस मिनिटं, मग पाऊण मैल पुढे. चार तासांत पाचच्या वर जागा होत नाहीत.

शेळ्यांची राखण करणारी ग्रेट पिरेनीज कुत्री कुठल्या कुरणात आहेत ते रँचवाल्याला विचारा. थर्मलला रंग कळत नाही, पांढरं कुत्रंही तसंच दिसतं. खात्री नाही तर गोळी नाही.

वाळक्या गवतावर गाडी थांबवू नका, सायलेन्सरच्या उष्णतेने पेट घेतं. रॅटलस्नेक उन्हाळ्यात बहुतेक रात्री फिरतो, गेटर (पिंढऱ्यांवरचं जाड आवरण) घाला. चिगर्ससाठी (चावणारे बारीक किडे) कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून वाळवा. मेलेल्याला ग्लोव्हजशिवाय हात नको, रेबीज असू शकतो.

प्रेषक: सुहास
ठरलं. एक ते पाच, तिघांनी नवं लायसन्स आणि कोर्स. गेम वॉर्डनला (शिकारीचे कायदे बघणारा अधिकारी) आधी कळवायची सक्ती नाही, पण मी शुक्रवारी फोन करतो, रात्री गोळ्यांच्या आवाजाने कोणी त्याला बोलावून घ्यायला नको. बर्फाचा पॅक कोण आणतंय?

प्रेषक: वसंतकाका
बर्फाचे पॅक मंडळाच्या कपाटात चार आहेत. मोदकांच्या डब्यांसाठी घेतलेत. परत आणा.