‘राणी’ म्हणजे राजाची बायकोच का?

पुतणीला वरंगळच्या काकतीय राजघराण्याबद्दल सांगत होते. ‘राणी रुद्रमादेवी’ म्हटल्याबरोबर तिचा प्रश्न, "मग राजा कोण होता?" मी अडले. नवरा होता, निडदवोलूच्या चालुक्यांपैकी वीरभद्र. पण गादी हिची, वडील गणपतिदेवांकडून आलेली. हा फरक दाखवणारा मराठी शब्द कोणता? ‘राज्यकर्ती’ आहे, पण तो परीक्षेच्या पेपरातला वाटतो.

— घोळ आपल्या स्त्रीलिंगी रूपांत आहे. पाटलीण, सुभेदारीण म्हणजे त्यांच्या बायका. पण ‘मालकीण’ बघा. आमची घरमालकीण दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः दारात उभी राहते, तिच्या यजमानांना कोणी ओळखतही नाही. म्हणजे एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदू शकतात. ‘राणी’लाही तेवढी मोकळीक द्या.

— रुद्रमादेवीच्या कारकिर्दीतल्या कोरीव लेखांनी वेगळी वाट काढली होती. तिथे ती ‘रुद्रदेव महाराज’ आहे, सरळ पुल्लिंगी. आपणही कलेक्टर बाईंना ‘साहेब’ म्हणतोच की! गंमत म्हणजे देवगिरीकडून ऐकलं तर ती पुन्हा बाई होते: यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो की लढाईत महादेव यादवाने तिला स्त्री म्हणून सोडून दिलं. मला यात दरबारी फुशारकी जास्त दिसते. बीदरच्या किल्ल्यात सिंद घराण्यातल्या तिच्या एका सरदाराचा शिलालेख आहे, म्हणजे तिची माणसं यादवांच्या मुलखात पोचली होती.

— पुतणीला सांगा, मार्को पोलोही इथेच फसला. आंध्र किनाऱ्यावरच्या मोटुपल्ली बंदराच्या बाजूच्या राज्याचं वर्णन करताना तो राणीच्या शहाणपणाची, न्यायाची तारीफ करतो, पण तिला आधीच्या राजाची विधवा ठरवतो. नवऱ्यावरच्या प्रेमापायी तिने दुसरं लग्न केलं नाही म्हणे! लेकीला वारसा मिळाला असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. उलट तिची बहीण गणपांबा खरोखरच नवऱ्यामागे, म्हणजे कोटा घराण्यातल्या बेतामागे, त्याच्या मुलखाचा कारभार बघत होती. दोघी बहिणी, दोघी ‘राणी’, हक्क मात्र वेगळे.

— मी ‘गादीवरची राणी’ म्हणेन. बोलताना जड जात नाही.

— हे आवडलं, घेतला! आता पुढचं. रुद्रमेला मुलगा नव्हता. मुम्मडम्मा या लेकीचा मुलगा प्रतापरुद्र तिने दत्तक घेतला आणि १२८९ मध्ये ती गेल्यावर तो गादीवर आला. म्हणजे आधी नातू, मग मुलगा. मुलीच्या मुलाला वेगळा शब्द आहे ना?

— दौहित्र. मुलाचा मुलगा पौत्र. रोजच्या बोलण्यात दोघेही नातूच. आमच्याकडे ‘दौहित्र’ वर्षातून एकदाच कानावर पडतो, घटस्थापनेला, आईच्या वडिलांचं श्राद्ध असतं तेव्हा. आजी त्या दिवसाला आजेपाडवा म्हणायची.