पाय अल्फा झायची प्रेसिडेंट झालेय, पण चॅप्टर फक्त कागदावर आहे. सुरुवात कुठून करू?

ओली_माती:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज. मी इथे अमेरिकेत हॉर्टिकल्चरमध्ये एमएस करतेय, ऑगस्टमध्ये दुसरं वर्ष सुरू होईल. आमच्या डिपार्टमेंटला पाय अल्फा झायचा चॅप्टर, म्हणजे शाखा, आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही हॉर्टीच्या विद्यार्थ्यांची ऑनर सोसायटी, १९२३ मध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सुरू झाली, आधी फुलशेती आणि शोभेच्या झाडांपुरतीच होती, नंतर फळं-भाज्यावाले सगळेच त्यात आले. मार्क चांगले असले की बोलावणं येतं. मला गेल्या वर्षी ते पत्र आलं तेव्हा तिकडे पहाटेचे साडेचार वाजले होते तरी मी आईला फोन करून उठवलं, इतका आनंद झाला होता.

आता अडचण अशी की एप्रिलच्या मीटिंगमध्ये मला प्रेसिडेंट केलं. यादीत १७ जण आहेत, मीटिंगला आले ५. मागच्या वर्षभरात काय झालं म्हणाल तर एक इंडक्शन (नव्या सभासदांना घ्यायचा कार्यक्रम), त्यानंतर पिझ्झा, मग ग्रॅज्युएशनला गळ्यात घालायचे ते गोंडे आणि एक ग्रुप फोटो, संपलं. खात्यात २१२ डॉलर आहेत. हॉर्टी क्लब वेगळा आहे, तो सगळ्यांना खुला, त्यांचा मे महिन्यातला प्लांट सेल जोरात चालतो, लोक रांगा लावतात. त्यामुळे आमच्यातली पोरं सरळ विचारतात की आम्ही क्लबमध्ये आहोतच, मग इथे वेगळं काय करायचं? आणि खरं सांगते, माझ्याकडे याला उत्तर नाहीये.

सोसायटीचं ध्येय म्हणून लिहिलंय ते मला मनापासून आवडतं, अभ्यास, स्नेह, व्यवसायातलं नेतृत्व आणि झाडांमुळे माणसाचं आयुष्य समृद्ध करणं. ते नुसतं सर्टिफिकेटवर राहू नये असं वाटतं. पण बाकीचे बहुतेक अंडरग्रॅड आहेत, इथलेच आहेत, त्यांना काम सांगताना मला अजून संकोच होतो. शिवाय एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे, पदाधिकारी होण्यात काही अडचण येते का तेही सांगा.

ग्रीनहाऊसवाला:
अभिनंदन! मी आमच्या चॅप्टरचा दोन वर्षं ट्रेझरर होतो, आता ग्रोअर म्हणून नोकरी करतो. माझं मत, क्लबचा सेल वसंतात आहे ना, मग तुम्ही डिसेंबर घ्या. पॉइनसेटिया लावा, नाताळात विकतात ते लाल कुंडीतलं झाड. त्यांच्याशी स्पर्धाही नाही आणि हे पीक असं आहे की सेमिस्टर सुरू झालं की लावायचं आणि फायनल्सच्या, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षांच्या आधी विकायचं, विद्यार्थ्यांच्या कॅलेंडरला इतकं चपखल बसणारं दुसरं पीक मला माहीत नाही.

कटिंगची ऑर्डर आत्ताच द्या, ऑगस्टमध्ये मागितली तर हवी ती जात मिळणार नाही. मुळं फुटलेली कटिंग ऑगस्टच्या मध्याला ६ इंची कुंडीत, दोनेक आठवड्यांनी मुळं कुंडीच्या कडेला आली की शेंडा खुडायचा, खाली ५-६ पानं ठेवायची, तेवढ्या फांद्या फुटतात. पुढचं सगळं रात्रीवर अवलंबून. पॉइनसेटिया आपल्या शेवंतीसारखंच, लहान दिवसाचं झाड, सप्टेंबरच्या शेवटाला रात्र पुरेशी मोठी झाली की आपोआप कळी धरायला लागतं, मग आठ ते दहा आठवड्यांत विकायला तयार. लाल दिसतात ती फुलं नव्हेतच, पानं आहेत, खरं फूल म्हणजे मधले ते पिवळे बारके मणी. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की तो हमखास वाकून बघतो आणि बघितलेली कुंडी सहसा खाली ठेवत नाही.

आमचा पहिल्या वर्षीचा घोळ सांगतो. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्याच्या आधी सगळं बेंच (कुंड्या ठेवायचं टेबल) लाल, पण दाराजवळच्या दोन ओळी हिरव्यागार. खत तपासलं, पाणी तपासलं, मुळं उपसून बघितली, काही सापडेना. शेवटी मी एकदा रात्री दहाला गेलो तर कॉरिडॉरचा दिवा दाराच्या काचेतून बरोब्बर त्या दोन ओळींवर पडत होता. बाकी झाडांना पूर्ण अंधार मिळाला आणि या ३० कुंड्यांना रोज रात्री उजेड. त्या वर्षी त्या विकल्याच नाहीत. दुसऱ्या वर्षी संध्याकाळी ५ ते सकाळी ८ काळं कापड घालायला लागलो, पण दिवस उन्हाचा असेल तर कापडाखाली आत गरम होतं आणि त्यानेही रंग लांबतो, तेव्हा तेवढं बघा. आणि पांढरी माशी! पानं उलटून बघायची सवय पहिल्या आठवड्यापासूनच लावा, पिवळे चिकट सापळे लावा, नोव्हेंबरमध्ये कळून उपयोग नसतो.

आमचा खर्च कटिंग, माती, कुंडी, वरचं कागदी आवरण धरून कुंडीमागे ४ डॉलरच्या आसपास यायचा, विकायचो १२ ला. १२ डिसेंबर हा इथे पॉइनसेटिया दिवस असतो, मेक्सिकोहून हे झाड इकडे आणणारे जोएल पॉइनसेट १८५१ साली त्या तारखेला वारले म्हणून. पण तोवर थांबू नका, तेव्हा पोरं फायनल्समध्ये असतात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उरका.

पानोपानी:
वरच्या दादांचं सगळं बरोबर आहे पण मला थोडं वेगळं वाटतं. सुरुवात पैशांपासून केली तर ती पोरं परत हेच म्हणणार, हा पण प्लांट सेल, तो पण प्लांट सेल, मग फरक काय. फरक यादीतच आहे ना. तुझ्याकडचे १७ जण अभ्यासात पुढे आहेत म्हणून त्यात आहेत. मग त्यांनी अभ्यासच वाटावा.

आमच्याकडे प्लांट मटेरियल्सचा कोर्स असायचा, शेकड्याने झाडं, लॅटिन नाव स्पेलिंगसकट, त्यात हिवाळ्यात पानं नसताना नुसत्या काडीवरून ओळखायचं. पोरं रडकुंडीला यायची. आमच्या चॅप्टरने दर क्विझच्या आदल्या संध्याकाळी दोन तास बसायला सुरुवात केली. कॅम्पसवरून परवानगी घेऊन काड्या कापून आणायच्या, बादलीत ठेवायच्या आणि एकेक हातात द्यायची. आधी बघ, काडीवरचे डोळे, म्हणजे कळ्या, समोरासमोर आहेत की एकाआड एक? समोरासमोर असतील तर मोठ्या झाडांत आधी मेपल, ॲश, डॉगवुड या तिघांचा विचार कर. मग कळीचा रंग बघ, सालीवरचे ठिपके बघ, नखाने खरवडून वास घे. माझ्या शेजारी एक पहिल्या वर्षाची मुलगी बसायची, तिला साधी मेपलची काडी ओळखू यायची नाही, नोव्हेंबरमध्ये तीच दुसऱ्याला शुगर मेपलची टोकदार तपकिरी कळी आणि रेड मेपलची बोथट लाल कळी शेजारी शेजारी धरून फरक दाखवत होती. ते बघून मला इतकं बरं वाटलं, आज दहा वर्षांनीही ती बादली आठवते. आणि यातले बरेच जण पुढे मार्क वाढून सोसायटीत आले, म्हणजे तुझी भरतीही त्यातूनच होते.

खर्च शून्य. २१२ डॉलर तसेच राहू देत.

दुसरं, काम सांगायचा संकोच. ग्रुपवर 'कोणी मदत कराल का' असं टाकू नको, त्याला कधीच कोणी उत्तर देत नाही, इथलं असो की आपल्याकडचं. एका माणसाला भेटून एक काम सांग, तारखेसकट, आणि तुलाच का सांगतेय ते पण सांग. 'तुझे वुडी प्लांट्स पक्के आहेत, मंगळवारी सहा वाजता काड्या तू आणशील का?' याला नाही म्हणणं अवघड असतं कारण त्यात मान आहे. तू बाहेरची आहेस वगैरे तुझ्या डोक्यात आहे गं, त्यांच्या डोक्यात फक्त एवढंच असतं की ही मला नीट काय ते सांगेल का.

जास्वंदी:
मी पीएचडीच्या काळात प्रेसिडेंट होते, नंतर चॅप्टरची फॅकल्टी ॲडव्हायझर पण झाले, म्हणून ज्या दोन-तीन गोष्टींत पोरं हमखास अडकतात त्याच सांगते.

पहिली, पेटंट. प्लांट सेल करायचा म्हटलं की कोणीतरी म्हणतं, ग्रीनहाऊसमध्ये छान कोलियस आहे, त्याचीच कटिंग मारू, फुकटात २०० रोपं. थांबा! अमेरिकेत १९३० पासून प्लांट पेटंटचा कायदा आहे, कलम-कटिंगने वाढवलेल्या नव्या जातीवर अर्ज केल्यापासून २० वर्षं हक्क राहतो, आणि कटिंग लावून रोप करणं हेच त्यात बंद आहे, मग तुम्ही ते विका नाहीतर वाटा. विद्यार्थी आहोत, संस्था ना नफा आहे, असलं काही चालत नाही. कुंडीतला टॅग उलटा करून बघायचा, पीपी (प्लांट पेटंट) आणि नंबर किंवा पीपीएएफ (पेटंटसाठी अर्ज केलाय) लिहिलेलं असलं की हात लावायचा नाही. आमच्या एका बॅचने १५० पेटुनिया कटिंगने केल्या होत्या, सेलच्या आदल्या दिवशी एका मुलीने जुना टॅग शोधून आणला आणि सगळा ट्रे कंपोस्टमध्ये गेला. पोरं गप्प उभी होती. पण मला त्या मुलीचा अजून अभिमान वाटतो, कारण तिच्याच हाताने लावलेल्या होत्या त्या. पॉइनसेटियाच्या जाती पण बहुतेक पेटंटवाल्याच असतात, तिथे परवाना असलेल्या पुरवठादाराकडून कटिंग घेतली की रॉयल्टी त्यातच भरलेली असते, ती लावून वाढवून विकायला हरकत नाही, फक्त त्यावरून पुढे कटिंग घ्यायची नाही. पोथॉस, स्पायडर प्लांट, जेड यांच्या जुन्या साध्या जाती बिनधास्त वाढवा.

दुसरी, फवारणी. ग्रीनहाऊसच्या दारावर बोर्ड असतो, काय मारलंय, कधी मारलंय आणि किती तास आत जायचं नाही. औषधाच्या लेबलवर जो वेळ आहे, १२ तास म्हणजे १२ तास. तुम्ही २० व्हॉलंटियर बोलावले आणि सकाळी बोर्ड लागलेला दिसला तर सगळ्यांना परत पाठवायचं, पाच मिनिटात जाऊन कुंड्या आणू असं कोणाला करू द्यायचं नाही. कामाचा दिवस ठरवायच्या आधी ग्रीनहाऊस मॅनेजरशी बोललीस तर ही वेळच येत नाही. त्या माणसाशी गोडीने राहा, वर्षभर तोच उपयोगी पडतो. विक्रीकर आणि नर्सरीचं लायसन्स याचे नियम राज्याप्रमाणे बदलतात, ते ॲडव्हायझरला आधीच विचारून घे.

व्हिसाचं, बिनपगारी पद असेल तर साधारणपणे ती नोकरी धरत नाहीत. पण मानधन किंवा तासावर पैसे देणार असतील तर ते कॅम्पसवरच्या कामात येतं आणि सेमिस्टरमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, तुझं असिस्टंटशिपचं पगारी काम असेल तर ते आधीच त्यात असेल. इंटरनॅशनल ऑफिसला एक ईमेल टाक आणि उत्तर जपून ठेव.

आणि तुझा चॅप्टर कागदावर का आलाय ते सांगू? दर मे महिन्यात ज्याला सगळं माहीत असतं तो पदवी घेऊन निघून जातो. कटिंग कुठून मागवली, कापड किती फूट लागलं, कुठल्या कुंड्या उरल्या, पासवर्ड काय, सगळं त्याच्याबरोबर जातं. आमच्याकडे एक साधी वही होती, मातीचे डाग पडलेली, प्रत्येक कामानंतर त्याच दिवशी चार ओळी लिहायच्या, काय केलं, किती लागलं, काय चुकलं. मी पुढचे पदाधिकारी एप्रिलऐवजी फेब्रुवारीत निवडायला लावले, म्हणजे ते दोन-तीन महिने जुन्यांबरोबर हातात हात घालून काम करतात. तुझ्या वेळी पाच मिनिटात निवड झाली असणार असं वाटतंय, तसं पुढच्या मुलीचं होऊ देऊ नको.

ओली_माती:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद. हो ताई, पाच मिनिटातच झाली, जुन्या प्रेसिडेंटने विचारलं कोण होणार, कोणी बोलेना, ॲडव्हायझरने माझ्याकडे बघितलं आणि मी हो म्हटलं.

काल ॲडव्हायझरला भेटले. एक बेंच देणार म्हणाले, सुमारे ८० कुंड्या बसतील. पानोपानी, तुमचं मला फार पटलं, सुरुवात काड्यांनीच करणार. फॉल सेमिस्टरमध्ये (ऑगस्टपासूनच्या) वुडी प्लांट्सचा, म्हणजे झाडाझुडपांचा कोर्स आहे, त्याचा टीए (शिकवायला मदत करणारा विद्यार्थी) आपल्याच यादीत निघाला आणि तो एकाही मीटिंगला आलेला नाही! आज त्याला लॅबमध्ये गाठून तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. तो म्हणाला मला आजपर्यंत कोणी काही विचारलंच नव्हतं. मंगळवार ठरला.

पॉइनसेटिया ८० च लावू की या वर्षी अजून कमी? १७ पैकी नक्की येतील असे सध्या सहाच दिसतात.

ग्रीनहाऊसवाला:
सहा जणांत ८० आरामात होतात. शनिवार-रविवारी पाणी घालायची पाळी मात्र आत्ताच लिहून लावा, झाडं विकेंडलाच मरतात. सगळी लालच घ्या, पहिल्या वर्षी पांढरी-गुलाबी नको, लाल आधी संपते.

जास्वंदी:
आणि रात्री एकदा जाऊन बघून ये त्या बेंचवर कुठून उजेड येतो का. आत्ताच, कटिंग यायच्या आधी.

ओली_माती:
आत्ताच जाऊन आले. पार्किंगचा दिवा डाव्या कोपऱ्यावर येतोय, साधारण दहा-बारा कुंड्यांएवढा. कापडाचं माप घेतलंय आणि वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलंय.