भट्टीसाठी पाइपलाइनचा गॅस घ्यावा की थेट विजेवर जावे?

कुपवाडची भट्टी: सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझा हीट ट्रीटमेंटचा लहान कारखाना आहे. सुटे भाग ९०० अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवायचे, हे आमचे काम. एक भट्टी फर्नेस ऑइलवर चालते, दुसरी एलपीजीवर. देशाच्या ऊर्जेत नैसर्गिक वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे आणि २०७० पर्यंत नेट झीरोचेही, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच काढून घेण्याचे. दोन्ही खरे मानले, तर आज गॅसवर घातलेला पैसा पुढे अंगावर येईल का? ग्राहक आता नगामागे कार्बनचा हिशेब मागू लागले आहेत, म्हणून विचारतो.

सातारकर अभियंता: दोन्ही भट्ट्यांचा विचार वेगवेगळा करावा. एक गिगाज्यूल उष्णतेसाठी फर्नेस ऑइल जाळल्यास सुमारे ७७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एलपीजीतून ६३ आणि नैसर्गिक वायूतून ५६. म्हणजे तेलाची भट्टी बदलल्यास चौथ्या हिश्शाहून अधिक घट होते, एलपीजीची बदलून मात्र जेमतेम ११ टक्के. 'स्वच्छ इंधन' या जाहिरातीत हा फरक कोणी सांगत नाही.

शिवाय हा हिशेब धुराड्यापुरताच आहे. विहिरीपासून बर्नरपर्यंत जो मिथेन गळतो, तो २० वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरतो, त्यामुळे थोडी गळतीही बरीच बचत खाऊन टाकते. गॅस उद्योगाला या संक्रमणात जागा हवी असेल, तर त्याने आधी आपली गळती मोजून दाखवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोयनाकाठ: विजेबद्दल थोडे. आपल्या राज्यात वीज अजून मुख्यतः कोळशाची असल्याने आजच विजेवर गेलात, तर कागदावरचा कार्बन वाढूही शकतो. स्वतःच्या छपरावर सौर पॅनेल असतील, तर गोष्ट निराळी. पण रात्रपाळीचे काय? संध्याकाळची मागणी सावरायला आपल्याकडे कोयना आहे, परंतु तिथल्या पाण्यालाही कृष्णा पाणी तंटा लवादाची मर्यादा आहे. गॅसची वीजकेंद्रे तासाभरात कमी-जास्त करता येतात, हा त्यांचा खरा उपयोग. मात्र देशाला लागणारा जवळपास निम्मा गॅस आयात होतो आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर त्याचे भाव कुठे पोहोचले होते, हे विसरू नये.

मळीचा वास: मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. गाळलेल्या उसाच्या तीन-चार टक्के प्रेसमड, म्हणजे रस स्वच्छ करताना उरणारा गाळ, निघते. ती उघड्यावर पडली की आतून तापते, वाफाळते, उन्हाळ्यात ढिगाला आगही लागते, आणि तिच्यातला मिथेन फुकट हवेत जातो. तीच बंद टाकीत कुजवून, वायू शुद्ध केला की सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) मिळतो, जो नैसर्गिक वायूच्याच पाइपलाइनमधून नेता येतो. सीबीजीसाठी केंद्राची 'सतत' योजना २०१८ पासून आहे आणि शहरांना गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांना २०२५-२६ पासून १ टक्का, २०२८-२९ पासून ५ टक्के सीबीजीचे मिश्रण बंधनकारक ठरले आहे. अडचण हंगामाची आहे: गाळप चार-पाच महिने चालते, साठवलेल्या प्रेसमडचे सत्त्व मात्र दर आठवड्याला उतरत जाते.

कुपवाडची भट्टी: आभारी आहे. तेलाची भट्टी गॅसवर नेतो. सीबीजीलाही तोच बर्नर चालेल. एलपीजीची भट्टी सध्या आहे तशीच ठेवतो आणि तिचे अस्तर बदलायची वेळ आली की विजेचा विचार करतो. गॅसच्या करारात किमान उचलीची अट (ठरलेला गॅस घेतला नाही तरी पैसे भरायचे) किती वर्षांची असते, ते कोणी सांगितल्यास बरे होईल.