दिव्याचे बोये आता काढून टाकावेत का?

खारावारा:
माझं मत स्पष्ट आहे. समुद्रातले दिव्याचे बोये, म्हणजे तळाशी साखळीने बांधलेल्या तरंगत्या खुणा, हळूहळू काढावेत आणि त्यांच्या जागी एआयएसवरच्या, म्हणजे जहाजांना रेडिओवरून माहिती पोहोचवणाऱ्या यंत्रणेवरच्या, आभासी खुणा आणाव्यात. पाण्यात काहीच नसतं, खूण थेट जहाजाच्या पडद्यावर उमटते. साखळी झिजत नाही, दुरुस्तीला भर लाटांत माणूस पाठवावा लागत नाही. दीपनौकांचं, म्हणजे दिवा लावून नांगरलेल्या जहाजांचं, काय झालं ते आठवा. थेम्सच्या मुखाशी नोरला पहिली दीपनौका नांगरली ती १७३२ मध्ये. पुढची दोनशे वर्षं माणसं एकाच जागी नांगर टाकून दुसऱ्यांना वाट दाखवत राहिली आणि त्या पायी जीवही गमावत राहिली. १५ मे १९३४ ला धुक्यात ‘ऑलिंपिक’ जहाज अमेरिकेच्या नँटकेट दीपनौकेच्या रेडिओ संकेताचा माग काढत आलं आणि तिच्यावरच चढलं. अकरापैकी सात जण गेले. नोव्हेंबर १९५४ मध्ये इंग्लंडजवळची साउथ गुडविनची दीपनौका साखळ्या तुटून वाळूच्या दांड्यावर उलटली. सातही खलाशी बुडाले, वाचला तो फक्त पक्षी पाहायला आलेला पाहुणा. माणसं हटवून बोये आणले ते योग्यच झालं. मग आता पुढचं पाऊल का नको?

नाखवा_रायगड:
दादा, तुमचा तो पडदा माझ्या होडीवर नाही. जीपीएस आहे, ते नाकारत नाही. पण नारळी पौर्णिमेनंतरच्या एका रात्री पाऊस कोसळत होता, वायरीत पाणी गेलं आणि ते बंद पडलं. बाबा सुकाणूवर. ते शाळेत गेलेले नाहीत, पण आत शिरताना लाल दिवा डावीकडे, हिरवा उजवीकडे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. दोन लुकलुकत्या दिव्यांमधून त्यांनी होडी खाडीत आणली. ते दिवे नसते तर आम्ही उजाडेपर्यंत बाहेरच गटांगळ्या खात असतो.

सुकाणू:
मी मालवाहू जहाजांवर काम केलंय. मोठ्या जहाजांनाही पडदा पुरत नाही. २०१७ मध्ये काळ्या समुद्रात कित्येक जहाजांचा जीपीएस त्यांना किनाऱ्यावरच्या विमानतळावर दाखवत होता. अशा वेळी आभासी खूण पाहायची कुठे? पाण्यातला दिवा डोळ्यांना दिसतो. खडकाच्या पूर्वेला लावलेला बोया तीनदा लुकलुकतो, दक्षिणेचा सहा वेळा आणि मग एक लांब, पश्चिमेचा नऊ वेळा. अगदी घड्याळातल्या तीन, सहा, नऊसारखं. झोपेतून उठवलेल्या माणसालाही कळतं.

खारावारा:
मग ‘ट्रायकलर’ या जहाजाचं काय? १४ डिसेंबर २००२ ला इंग्लिश खाडीत ते बुडालं. दोनच दिवसांत ‘निकोला’ हे दुसरं जहाज त्या सांगाड्यावर आदळलं. त्यानंतर पहारा वाढवला, खुणा लावल्या, तरी १ जानेवारीला ‘विकी’ आदळलंच. दिवे होते, पाहणारं कुणी नव्हतं.

सुकाणू:
त्यातून आलेला धडा उलटा आहे. ताज्या अपघाताची खूण इतर खुणांपेक्षा वेगळी दिसायला हवी, म्हणून निळा-पिवळा बोया आला, आळीपाळीने निळा आणि पिवळा लुकलुकणारा. दिवा कमी पडला तेव्हा लोकांनी जास्त चांगला दिवा शोधला.

जुनी_साखळी:
दोघांनाही सांगते, बोयावर आंधळा विश्वास नको. तो साखळीच्या लांबीएवढा फिरतो, वादळात जागेवरून ओढला जातो. आपली जागा ठरवायची ती किनाऱ्यावरच्या पक्क्या खुणांवरून. माझं म्हणणं, बोये ठेवा, पण त्यांची देखभाल करा. नकाशात चालू आणि पाण्यात बंद असलेला दिवा नसलेल्या दिव्यापेक्षा वाईट.

खारावारा:
हे पटतं. बंदराच्या नि खाडीच्या तोंडाशी दिवे राहू देत, तिथे मी मागे हटतो. भर समुद्रातल्या खुणांबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

नाखवा_रायगड:
खाडीच्या तोंडाचं म्हणालात म्हणून सांगतो. आमच्याकडचा हिरवा दिवा दिवाळीपासून बंद आहे. तिघांनी तीनदा कळवलं. बाबा आता त्या जागी पोहोचलं की इंजिन मंद करतात आणि मला बांबू घेऊन पुढे उभं करतात, पाण्याचा ठाव घ्यायला.