कष्टाच्या आठवणी लिहून घेताना : अनुभव धागा

सोलापुरात गल्लीत एक तरी माणूस असा सापडतोच, ज्याचं आयुष्य कागदावर यायला हवं. विड्या वळून लेकरं शिकवलेली आजी, कापडाची गिरणी बंद पडल्यावर भाजीची गाडी लावलेले आजोबा, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली आत्या. पण लिहायला बसलं की ‘फार हाल झाले, पण जिद्द सोडली नाही’ यापुढे गाडी सरकत नाही. हाल म्हणजे नेमकं काय, ते वाचणाऱ्याला दिसतच नाही. अशी आत्मकथनं ज्यांनी लिहून घेतली, तपासली, छापली, त्यांनी इथं रीत सांगावी. काय विचारायचं, कुठं चुकतं, का चुकतं. स्वतःची कहाणी नको, कामाचं सांगा. उत्तरावर आपल्या वस्तीचं किंवा गावाचं नाव टाका.

विडी घरकुलातून

विडी कामगार बाईला ‘तुमचा संघर्ष सांगा’ म्हटलं की ती पदर सावरून गप्प बसते. ‘पानं कधी भिजवायच्या?’ असं विचारा, तासभर बोलेल. म्हणून कामापासूनच सुरुवात करा, आणि बोलताना मांडीवर सूप आणि हातात कात्री असू द्या. हात चालू राहिले की आठवण आपोआप येते.

काम तुम्हालाही समजलेलं हवं. तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. कमी भिजलं तर पान कात्रीखाली कडकतं आणि वळताना फाटतं, जास्त भिजलं तर बुरशी धरतं. मग पत्र्याचा फर्मा ठेवून, जाड शीर टाळून चौकोनी तुकडा कापायचा. चिमटीनं तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. पंचवीस विड्यांची जुडी, मजुरी हजार विड्यांवर. तोंड दुमडणाऱ्या अंगठ्याचं नख आणि घासून गुळगुळीत झालेली बोटांची टोकं नीट बघा. जवळून बघितलेलं तेवढं लिहिलंत तरी पानभर विशेषणांची गरज उरत नाही.

खरा ताण हिशेबात असतो. पानं मिळतात वजनावर, विड्या द्यायच्या मोजून. भोकाची, डागाची पानं जास्त निघाली की हजार भरत नाहीत, मग पदरचे पैसे घालून पानं आणायची. वरून छाट, म्हणजे खराब म्हणून नाकारलेल्या विड्या, निघते ती वेगळीच. म्हणून ‘हजाराला काय मिळायचं?’ एवढ्यावर थांबू नका. हजार वळायला किती तास लागायचे, मधे स्वयंपाकाला, पाण्याला कितीदा उठावं लागायचं, छाट किती जायची, तूट कोण भरायचं, घरातली कोणती मुलगी शाळा सोडून दोरा गुंडाळायला बसली, हे विचारा. तिची शाळा सुटली ते साल या कुटुंबाच्या कहाणीत फार महत्त्वाचं असतं, आणि बहुतेक लिखाणातून तेच निसटतं.

कागद मागा. लॉगबुक (कामाची नोंदवही), ओळखपत्र, पीएफची पावती. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ चा, कल्याण निधीचा १९७६ चा. त्यामुळे कोणता कागद कधीचा असू शकतो याचा अंदाज येतो. सोलापूरशेजारी कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, जिथे विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरं झाली, घर मिळालेलं असेल तर ताब्याच्या कागदावर तारीख सापडते. पण घर मिळालं त्या दिवसावर प्रकरण संपवू नका. नव्या घरातून कारखान्यात जायला किती चालावं लागायचं, हेही विचारा.

अशोक चौकातून

गिरणीच्या आठवणीत सगळ्यात आधी खातं, म्हणजे विभाग, पक्कं करा. कताई, वाईंडिंग (सूत गुंडाळणं), सायझिंग (सुताला खळ लावणं), माग. प्रत्येक खात्याचा त्रास वेगळा. कताईत कापसाचे उडणारे बारीक तंतू, सायझिंगला वाफ आणि उकाडा, मागावर कान बधीर करणारा आवाज. ‘गिरणीत होतो’ एवढंच लिहिलं तर यातलं काहीच दिसत नाही.

दुसरं, कायम की बदली? बदली कामगार पाळीच्या वेळी फाटकावर उभा राहायचा. कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर डबा घेऊन परत. महिन्याचे किती दिवस भरायचे हे विचारलं की घराची सगळी परिस्थिती उघड होते.

‘गिरणी बंद पडली’ हे एक वाक्य नाही. आधी पगार लांबतो, मग एक पाळी जाते, मग फाटकावर नोटीस लागते, मग पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे. या क्रमानं विचारा, आणि घरातलं पहिल्यांदा काय विकलं किंवा गहाण टाकलं ते विचारा. पुढं माणूस पॉवरलूमवर गेला असेल तर किती माग सांभाळायचा, धागा तुटला की मजुरी कशी बुडायची, बायको घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची का, तेही घ्या.

मंगळवेढ्याहून

१९७२ च्या दुष्काळाबद्दल एक खबरदारी. माणसं दोन-तीन दुष्काळ एकात मिसळतात. जुनी माणसं बहात्तरला धान्याचा दुष्काळ म्हणतात. लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), सुकडी (कामावर मिळणारा कोरडा खाऊ), खडी केंद्र, पाझर तलावाचं काम या त्या काळाच्या खुणा. टँकरमागं घागरींची रांग आठवत असेल तर ती बहुधा २००३ किंवा २०१३ ची. सांगणाऱ्याला खोडून काढू नका. ‘तेव्हा घरात लाईट होती का? थोरला कितवीला होता?’ असं विचारलं की गोष्ट आपल्या जागी बसते.

खडीचं माप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफूट. कामाच्या मापावर मजुरी ठरते, त्यामुळे दगड काळा कठीण की मुरमाड यावर दिवसाचा पैसा ठरायचा. धान्याची जुनी मापं तशीच ठेवा : दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. किलोत रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका, धान्यागणिक वजन बदलतं. आणि तेव्हाचा रुपया म्हणजे आजचे किती हे गणित तर नकोच. दिवसाच्या मजुरीत किती ज्वारी यायची आणि खाणारी तोंडं किती, हे द्या.

साखर पेठेतून

तारखा विचारून मिळत नाहीत. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या आधी की नंतर, आषाढीच्या मागं की पुढं, अधिक महिना होता का, असं विचारा. अधिक मास साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, पंचांगातून साल सापडतं. किल्लारीचा भूकंप उत्तम खूण आहे : ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा. ‘चार आणे’ ऐकून मात्र साल १९५७ च्या आधीचं ठरवू नका. नवे पैसे आल्यावरही लोक पंचवीस पैशाला चार आणेच म्हणत राहिले.

नीलम नगरातून

ध्वनिमुद्रण मागाच्या आवाजात करू नका, नंतर निम्मं कळत नाही. मागाला सुट्टी असेल तो दिवस धरा. फोन विमान मोडवर, पंखा बंद, फोनखाली घडी घातलेला टॉवेल, तोंडापासून हातभर अंतर. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्या. एका बैठकीला तासाभराच्या वर ताणू नका, ऐकून उतरवायला पाच-सहा तास लागतात. त्याच रात्री दुसरीकडे प्रत काढून ठेवा.

अक्कलकोटहून

इकडची माणसं कन्नड आणि मराठी एका दमात बोलतात, शहरात तेलुगू आणि दखनी उर्दू. जे वाक्य जसं आलं तसं देवनागरीत ठेवा, लगेच पुढे मराठीत सांगा. सगळं शाळेच्या मराठीत घोटलंत तर माणूसच पुसला जातो.

दुखऱ्या जागांबद्दल : नवऱ्याची मारहाण, पोटचं लेकरू गेलं, जातीवरून झालेला अपमान. हे पहिल्या बैठकीला विचारायचं नाही. रडू आलं तर फोन बंद करा, पाणी द्या, विषय सांगणाऱ्या बाईवर सोडा. पूर्ण मजकूर तिला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका. वाचून दाखवताना ‘हे काढा’ म्हणाली तर कितीही चांगलं असलं तरी काढा. सावकार, मुकादम, भाऊबंद यांची नावं बदला, गावही बदला, नाहीतर त्रास तिच्याच दारात येतो.

छपाईबद्दल थोडंसं

पानं सोळाच्या पटीत बसवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात किंवा खर्च वाढतो. अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करून घ्या. जुन्या फॉन्टमधून बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, ती शेवटपर्यंत सापडत राहतात. ज्यांच्यासाठी पुस्तक आहे त्यांची नजर अधू झालेली असते, म्हणून टाईप चौदा पॉइंटच्या खाली नको. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, एजंटला पैसे देऊ नका. एक प्रत सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि एक सांगणाऱ्याच्या नातवंडांच्या शाळेत द्या.